चाकावरचं घर : फरशीचं नंतर, आधी गाडीखाली वाका

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो, की गाडीच्या फरशीबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर पत्र टाका. परवा संपादकांनी जाडजूड पाकीटच हातात ठेवलं. निम्म्या पत्रांत 'कोणता रंग चांगला दिसेल' एवढंच आहे. ते तुम्ही घरात बसून ठरवा, त्यात मी पडत नाही. बाकीच्यांतली काही खाली घेतली आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी एसटीत बॉडी बांधणीच्या कामात ३१ वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची काही दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत. निवृत्त झाल्यावर साताऱ्यात वाढे फाट्याजवळ पत्र्याची शेड टाकली. तिथे लोकांच्या टेंपो ट्रॅव्हलरना राहायच्या गाड्या करून देतो. एक स्वतःसाठीही केली आहे, तिच्यातल्या चुका खाली येतीलच.

प्रश्न : आम्ही जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेतली आहे. वडील निवृत्त झाले, त्यांना आणि आईला घेऊन पंढरपूर, तुळजापूर, कोकण असं सावकाश फिरायचा विचार आहे. सीट काढल्यावर आत साधारण ६५ चौरस फूट जागा निघाली. दुकानदार लाकडी दिसणारं लॅमिनेट घ्या म्हणतो, धाकटा भाऊ एसपीसीच्या कडक पट्ट्या म्हणतो आणि आईचं म्हणणं, घरासारख्या टाइल्सच हव्यात, पुसायला बऱ्या. काय घालावं आणि कसं बसवावं?
– एक वाचक, विटा

उत्तर : आईंचं आधी बघू, कारण त्यांची समजूत काढायचं काम तुम्हालाच करायचं आहे.

घरात फरशीचं वजन कुणी मोजत नाही, ते जमिनीवर असतं. गाडीत ते चाकांवर येतं. एका चौरस फुटाचा हिशेब असा धरा : बसमध्ये घालतात ते २ एमएमचं व्हिनाइल पाव किलोच्या जरा वर, एसपीसी पाऊण किलो, आणि घरातली व्हिट्रिफाइड टाइल दोन किलो. शहाबादी म्हणाल तर सहा किलोपर्यंत जाते. तुमच्या ६५ चौरस फुटांना टाइल १३० किलो झाली, चिकटवायचा मसाला वेगळा. म्हणजे दोन धडधाकट प्रवासी विनातिकीट चढले आणि ते कधी उतरणार नाहीत. वर पाण्याची १०० लिटरची टाकी, पलंग, ओटा, गॅस, बॅटऱ्या आहेतच. आर.सी. बुकावर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, त्यातला फरक म्हणजे तुमच्या हातातलं भांडवल. ते फरशीवर उधळू नका. काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर गाडी एकदा काट्यावर घाला. आपल्याकडे ऊस आहे, त्यामुळे वजनकाटे पैशाला पासरी आहेत.

वजन सोडलं तरी टाइल टिकत नाही. तिरक्या स्पीडब्रेकरवर एक चाक आधी चढतं तेव्हा सगळी चासी पिळली जाते. ओला टॉवेल पिळावा तशी नाही, पण पिळली जाते. पत्रा ते सहन करतो, प्लाय सहन करतो. टाइल आणि सिमेंट करत नाही. आधी सांध्यातली भर निघते, मग कोपरा उडतो, आणि खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत तुकडे खडखडायला लागतात.

आता लॅमिनेट. माझ्या स्वतःच्या गाडीत मी पहिल्यांदा तेच घातलं होतं. एसटीत ३१ वर्षं काढलेल्या माणसानं घालावं का? पण दुकानात तो सागवानी रंग बघितला आणि भुललो. यवतेश्वरचा घाट चढताना बेसिनखालचा पाइप निसटला, कासला पोचेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. चार-पाच लिटर पाणी असेल जेमतेम. तिसऱ्या दिवशी सांधे पापडासारखे फुगून वर आले. लॅमिनेट आतून दाबलेला लाकडी लगदा असतो, वरचा थर कितीही कडक असला तरी कडेनं पाणी आत शिरतं आणि फुगलेलं पुन्हा बसत नाही. घरात बैठकीच्या खोलीला चालेल. जिथे स्वयंपाकघर, मोरी आणि दार एकमेकांपासून दोन पावलांवर आहेत तिथे नको.

राहिलं एसपीसी आणि व्हिनाइल. एसपीसी म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी एकत्र करून काढलेल्या कडक पट्ट्या. खटक्यानं एकमेकींत अडकतात, पाण्यानं फुगत नाहीत. तुमच्या भावाचं चुकलं नाही. पण म्हाताऱ्या माणसांसाठी गाडी करताय म्हणून मी बसचं व्हिनाइल सुचवेन, घरगुती गुळगुळीत नव्हे, खरखरीत दाण्याचं. ओल्या पायानंही घसरत नाही. एका अखंड तुकड्यात येतं, त्यामुळे पाणी आत जायला सांधाच नाही. आणि भिंतीला लागून तीन-चार बोटं वर वळवता येतं, म्हणजे बादली लवंडली तरी पाणी परातीतल्यासारखं तिथेच थांबतं. दिसायला बसच्या मधल्या वाटेसारखं दिसेल, हे कबूल. घेताना ते 'आयएस १५०६१' प्रमाणे आहे का विचारा, ते गाडीच्या आतल्या वस्तूंच्या आगीबाबतचं मानक आहे. आत गॅस पेटणार आहे, म्हणून विचारा.

हे झालं वरचं. खालचं मात्र घाईनं करू नका, माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बहुतेक गाड्यांचं दुखणं तिथेच सापडलं आहे.

सीट काढल्यावर बोल्टांची भोकं राहिली असतील. जुनं आच्छादन, त्याखालचा कुजका प्लाय, चिकटा सगळं खरवडून पत्रा उघडा करा. जुन्या गाडीत दाराच्या पायरीपाशी आणि मागच्या चाकांच्या वर गंज सापडणारच. वायर ब्रशनं घासा, पेचकसानं टोचून बघा. पेचकस आत गेला तर तिथे रंग लावून भागणार नाही, तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करा. मग झिंक प्रायमर, वर इपॉक्सी. भोकं बंद करताना गोळीभर एम-सील लावून सोडू नका. खालून-वरून पत्र्याचे ठिगळ आणि मध्ये पीयू सीलंट (वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहणारा चिकटा) लावा. चाकं पावसात चिखल-पाणी जोरानं वर फेकतात, ते गुरुत्वाकर्षणाला विचारत नाही.

पत्र्याला नाळ्या, म्हणजे लांब खाचा, असतात. त्यांच्यावर थेट प्लाय ठेवला तर मध्ये पोकळी राहते आणि गाडी ढोलकीसारखी वाजते. नाळ्यांत पट्ट्या कापून भरा आणि वर २५ एमएमचं एक्सपीएस शीट टाका, घट्ट फोमचं, निळं किंवा गुलाबी येतं ते. त्यानं रस्त्याची धग कमी होते. पांढरा थर्माकोल नको, तो चालत्या गाडीत चरचरतो आणि दाणे सुटतात. मात्र आधी डोक्यावरची उंची बघा. २५ आणि प्लायचे १२ आणि वरचं आच्छादन मिळून चार सेंटिमीटर गेले. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला गाडीत उभं करा आणि त्याच्या डोक्यावर तेवढं अंतर राहतं का बघा. नसेल राहत तर १० एमएमचं शीट घ्या, किंवा नुसत्या नाळ्या भरा.

मग १२ एमएमचा मरीन प्लाय. शिक्का 'आयएस ७१०' चा असला पाहिजे. 'वॉटरप्रूफच आहे साहेब' म्हणून 'आयएस ३०३' चा माल गळ्यात मारतात, तो कपाटाला ठीक आहे. शिक्क्यावरही माझा आंधळा विश्वास नाही. तळहाताएवढा तुकडा मागून घेतो आणि घरी उकळत्या पाण्यात दिवसभर ठेवतो. मानकातली उकळण्याची चाचणी ७२ तासांची आहे, एवढा गॅस कोण जाळतो? पण खोटा माल दिवसभरातच पत्त्यांसारखा सुटतो. यासाठी घरातलं पातेलं घेऊ नका. मी एकदा घेतलं होतं, पुढचा आठवडाभर आमटी त्या पातेल्यात होत नव्हती.

प्लायच्या खालच्या अंगाला आणि चारी कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या. कडा विसरू नका, पाणी तिथूनच पितो तो. दोन शीटच्या मध्ये एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट सोडा. बसवताना नुसते स्क्रू नकोत, खाली पीयूच्या रेघा ओढा आणि वर थोडे स्क्रू मारा. आणि स्क्रू मारण्याआधी, हात जोडून सांगतो, गाडीखाली जा. डिझेलची नळी, ब्रेकचे पाइप, वायरिंग कुठून गेलंय ते खडूनं आतल्या पत्र्यावर आखून घ्या. मी नोकरीत नवा असताना घाईनं एक तीन इंची स्क्रू मारला, तर खालून 'सूंऽऽ' आवाज. हवेच्या ब्रेकची नळी फोडली होती. फोरमन शांतपणे म्हणाले, "खाली वाकायला लाज वाटते का?" तेव्हापासून वाकतो. आता गुडघे बोलतात, तरी वाकतो.

तुमच्या आई-बाबांसाठी प्रवासात बसायच्या दोन सीट ठेवणार असालच. त्यांचे बोल्ट प्लायवर धरू नका. ते पत्र्यातून आरपार खालच्या आडव्या लोखंडी चॅनलला गेले पाहिजेत. आणि मध्ये ते मऊ एक्सपीएस आहे, बोल्ट आवळला की दबतं आणि महिन्याभरात सीट डुलते. प्रत्येक बोल्टाला लोखंडी पाइपचा तुकडा बुशसारखा घाला, म्हणजे ताण लोखंडावर येईल. पट्टा सीटला असतो, सीट बोल्टाला. तिथे काटकसर नको.

व्हिनाइल कापण्याआधी कागदी साचा करा. मी 'ऐक्य' पेपरचे जुने अंक चिकटपट्टीनं जोडून अख्ख्या तळावर पसरतो, कडा बोटानं दाबून खुणा करतो, चाकाच्या कमानीपाशी कात्रीनं थोडं थोडं कापत जातो. दोन तास जातात. थेट व्हिनाइलवर सुरी चालवून वाया गेलेला तुकडा कितीला पडला ते दुकानदार सांगेल. चिकटवताना सुतारांचा 'एसआर' हा रबरी चिकटा वापरणार असाल तर दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, पंधराएक मिनिटं, थांबा. दारं उघडी, विडी-काडी बंद. ओल्यावर चिकटवलं तर आतली वाफ कोंडते आणि पहिल्या उन्हात फोड येतात. माझी पसंती व्हिनाइलसाठी म्हणून मिळणाऱ्या चिकट्याला आहे, कारण व्हिनाइलमधला तेलकट अंश काही रबरी चिकट्यांना कालांतरानं मऊ करतो. आणि हे व्हिनाइल आधी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरायचं, ओटा-कपाटं नंतर त्यावर. एसपीसीचं नेमकं उलटं, ते पुढच्या पत्रात बघा.

प्रश्न : काका, मी आणि मित्रानं मिळून व्हॅनमध्ये क्लिकवालं एसपीसी बसवलं. व्हिडिओ बघून सगळं केलं. आधी फरशी, मग तिच्यावर किचनचं कपाट आणि पलंगाचा सांगाडा स्क्रूनं पक्का. पहिले दोन महिने झकास. एप्रिलमध्ये सांगलीला दोन दिवस उन्हात गाडी लावली, तेव्हापासून मधल्या दोन पट्ट्यांत फट पडली आहे, आणि चालताना कुरकुर वाजतं. फटीत सिलिकॉन भरू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नको भरूस. सिलिकॉन भरलंस तर ती फट कायमची फट राहील.

असं बघ. खटक्याची फरशी तरंगती असते. ती कशालाच चिकटलेली नसते, म्हणून थंडी-उन्हात सगळी एकत्र सरकते. एप्रिलात सांगलीत बाहेर ४० अंश, बंद गाडीत ६० च्या वर जातं. तीच गाडी तू डिसेंबरात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी लावलीस तर पहाटे दव गोठलेलं असतं. एवढ्या फरकात साधं कडक पीव्हीसी तीन मीटर लांबीला आठ-नऊ मिलिमीटर हलेल. एसपीसीत दगडाची भुकटी असल्यानं ते कमी हलतं, पण हलतं. तू एका टोकाला पलंग ठोकलास, दुसऱ्या टोकाला कपाट. फरशीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलंस, मग ती मधे सुटली. घरात कपाट नुसतं ठेवलेलं असतं, व्हिडिओतही बहुधा घरच असेल.

उपाय कष्टाचा आहे पण अवघड नाही. कपाट आणि पलंग प्लायला धरलेले हवेत, फरशीला नकोत. काढता येत असतील तर काढ. नसतील तर मल्टीटूल भाड्यानं आण, त्याचं हलणारं पातं कपाटाच्या पायाला चिकटून फरशी कापत जाईल. चहूबाजूंनी तीन सुतांची फट ठेव. कपाटाखालचा तुकडा राहू दे तिथेच. वर बीडिंग मार, पण ती कपाटाला चिकटव, फरशीला नाही. दारापाशी अॅल्युमिनियमचा अँगल आहे ना? तोही एकाच बाजूनं धरलेला असू दे.

मग मोकळी झालेली फरशी रबरी हातोड्यानं मागून ठोकत सरकव. फट मिटली तर जिंकलास. मिटून पुन्हा उघडली तर खटक्याची जीभ तुटली आहे, तेवढ्या पट्ट्या जवळच्या भिंतीकडून उलगडत काढून बदलाव्या लागतील. एक बॉक्स जास्तीचा घेतला होतास का? घेतला असशील अशी आशा. नवीन पट्ट्या बसवण्याआधी दोन दिवस गाडीतच आडव्या ठेव, म्हणजे त्या गाडीच्या हवेला सरावतात. आणि हे काम भर दुपारी करू नकोस, किंवा कडाक्याच्या थंडीतही.

कुरकुर मात्र वेगळी असू शकते. अनवाणी चालून बघ, नेमकी कुठे वाजते. पट्टी दाबल्यावर वाजली तर फरशी. पण मला शंका आहे की आवाज खालच्या प्लायचा आहे. प्लाय आणि पत्रा यांच्यामध्ये पीयू किंवा रबरी पट्टी घातली होती का? पत्रात तसं काही लिहिलेलं नाहीस. नुसत्या स्क्रूवर असेल तर लाकूड लोखंडावर घासतंय, आणि तू वरची फरशी कितीही बदल, ते आजार रेड्याला आणि औषध पखालीला असं होईल. गाडीखाली झोप, मित्राला वर चालायला सांग.

प्रश्न : भाऊ, आमच्या गाडीत फिकट क्रीम रंगाचं व्हिनाइल आहे. मिस्टरांनी हौसेनं निवडलं. गेल्या सहलीत फोडणीची हळद सांडली. मी साबणाचं पाणी घेऊन घासलं तर पिवळा डाग लालच झाला! फरशी जळली का? शिवाय दारात रबरी पायपुसणं होतं, त्याच्याखालीही पिवळट चौकोन उमटला आहे, तिथे तर हळद नव्हती.
– एक भगिनी, मिरज

उत्तर : ताई, फरशी जळलेली नाही. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. साबण किंवा सोडाही त्याच जातीचा, हळद लाल करतो. लिंबाच्या पाण्यानं पुसलंत तर डाग पुन्हा पिवळा होईल. गेला नाही, फक्त जिवात जीव येईल.

काढायचा असेल तर मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट फडक्यावर घेऊन टिपून घ्या, चोळू नका. आधी पलंगाखाली कोपऱ्यात लावून बघा, रंग निघत नाही ना. गॅस बंद असताना करा. हळद पाण्यात फारशी विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. जो पिवळेपणा उरेल त्याला ऊन दाखवा. मागचं दार उघडून गाडी अशी लावा की डागावर थेट ऊन पडेल. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-चार दिवसांत फिका पडत जाईल. सांगली-मिरजेत हळद आणि ऊन दोन्हीची टंचाई नाही, त्यामुळे हा प्रयोग तुम्हाला पुन्हा करावा लागणारच.

पायपुसण्याचं दुखणं वेगळं आहे आणि त्याला माझ्याकडे औषध नाही. रबरातलं रसायन व्हिनाइलमध्ये मुरतं आणि आतून पिवळं करतं. तो डाग वरचा नाही, पुसून जात नाही. पायपुसणं सुती किंवा काथ्याचं घ्या आणि त्या चौकोनावरच ठेवा, कुणाला कळणार नाही. गॅसच्या शेगडीचे किंवा टाकीचे रबरी पायही फरशीवर थेट नकोत, खाली फळीचा तुकडा सरकवा.

मिस्टरांना एवढंच सांगा, की पुढच्या वेळी क्रीम नको. कृष्णाकाठची माती काळी, महाबळेश्वर-पाचगणीची लाल. दोन्ही दिसणार नाहीत असा करडा-तपकिरी, बारीक ठिपक्यांचा रंग येतो. दुकानात तो सगळ्यात कंटाळवाणा दिसतो. तोच घ्या.

प्रश्न : गाडी दोन पावसाळे बाहेर उभी होती. आता दाराजवळ पाय ठेवला की फरशी दबते आणि कुबट वास येतो. वर एसपीसी आहे, ते दिसायला नव्यासारखं. सुतार म्हणतो, वरून आणखी एक प्लाय ठोकू, घट्ट होईल. करावं का?
– एक वाचक, पाटण

उत्तर : करू नये. सुतार चांगला असेल, पण त्यानं दुखणं झाकायचा उपाय सांगितला आहे.

एसपीसीला पाणी लागत नाही, हा त्याचा गुण आणि इथे तोच दोषही. वरून सगळं कोरडं, आणि खाली अडकलेली ओल बाहेर पडायला वाट नाही. कुजकं काढल्याशिवाय वर काहीही ठोकलंत तर नवा प्लायही त्याच वाटेनं जाईल.

आधी पाणी येतं कुठून ते शोधा. तुमच्या भागातला पाऊस आडवा मारतो, त्यामुळे दाराचं रबर हा पहिला संशयित. पण वर छताला पंखा किंवा एसी बसवला असेल तर पाणी तिथून शिरून भिंतीच्या आतून उतरतं आणि दारापाशी दिसतं. आतल्या कडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. बाहेरून एकानं पाइप धरायचा आणि खालून सुरुवात करायची : आधी पायरी, मग दाराची कड, मग खिडकी, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळेल आणि काहीच कळणार नाही. पावडरीत ओघळ उमटला की चोर सापडला. कोरड्या दिवसातही ओल सापडली तर बेसिनचा पाइप आणि टाकीचे जोड तपासा.

मग एसपीसी दाराकडून उलगडा, पट्ट्यांवर नंबर टाका, त्या परत वापरता येतील. प्लाय टोचत जा आणि जिथे लाकूड टणक लागेल तिथून पुढे अर्धा फूट जास्तीचा कापा, शक्यतो खालच्या आडव्या चॅनलवर सांधा येईल असा. पत्रा उघडा ठेवून गाडी आठ-दहा दिवस उन्हात दारं उघडी टाकून वाळू द्या. मी एकदा गिऱ्हाइकाच्या घाईपायी चौथ्या दिवशी बंद केली होती. पुढच्या दिवाळीला तीच गाडी तोच वास घेऊन माझ्याच शेडमध्ये उभी होती, दुसऱ्यांदा फुकट केली. बाकी प्रायमर, इपॉक्सी, प्लायच्या कडा हे विट्याच्या उत्तरात लिहिलं आहे.

मागच्या चाकांचे मडफ्लॅप आहेत का बघा. नसतात बऱ्याच गाड्यांना. शंभर-दोनशे रुपयांच्या रबरासाठी तळ कुजतो.

प्रश्न : फरशी बदलायला आरटीओची परवानगी लागते का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : नुसतं आच्छादन बदलायला नाही. पण सीट काढून पलंग-ओटा करताय, म्हणजे आर.सी. वर लिहिलेली आसनसंख्या आणि गाडीचा प्रकार बदलतो. मोटर वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ त्यासाठीच आहे. आधी आरटीओत विचारा, मग पाना हातात घ्या. विमा कंपनीलाही कळवा. उलट्या क्रमानं गेलेले लोक मला भेटतात, त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

प्रश्न : माझी आजी ८४ वर्षांची आहे. ती म्हणते, गाडीत काय फरशी घालताय, शेणानं सारवा, थंड राहतं. तिला काय सांगू?
– एक वाचक, वाई

उत्तर : तिचं बरोबर आहे असं सांगा. थंड राहतं, पायाला मऊ लागतं आणि उखडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवता येतं. हे तिन्ही गुण असलेलं काही मला अजून दुकानात मिळालेलं नाही. मग पसरणी घाटातून एकदा तिला सोबत बसवून आणा आणि सारवण भेगाळल्यावर काय करायचं ते तिलाच विचारा. ती काही तरी सांगेल. मला कळवा.

प्रश्न : तुमच्या शेडवर गाडी दाखवायला कधी आणू?
– दोन-तीन वाचक, कोरेगाव आणि सांगली

उत्तर : गुरुवार सोडून कधीही, सकाळी दहाच्या पुढे. गाडी रिकामी करून आणा. मागच्या महिन्यात एकजण संसारासकट आले. तळ बघायला गाडी जॅकवर तिरकी केली, तर फळीवरची लोणच्याची बरणी गडगडत येऊन मीच घातलेल्या नव्या व्हिनाइलवर फुटली. तेलात मुरलेली हळद होती. गेले तीन आठवडे ती गाडी दार उघडं टाकून उन्हात उभी आहे.